पावणेनऊ गुंठे

औरंगाबाद,
१२ जून १९९०

ती. बद्रीदादा यांस,
वच्छलाचा सा. नमस्कार.

एप्रिलअखेर शाळेतून मोकळी झाले. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी मला आराम करायला सांगितलं. गणित शिकवणाऱ्या मुख्याध्यापिकेला ओळखायला इतकी वर्षं कमी पडली असं दिसतं.

अण्णा गेल्यावर देवगाव रंगारीच्या शेताची बन्सीशी वाटणी झाली हे तुम्हाला ठाऊकच आहे. विहिरीकडची पश्चिमेची बाजू माझ्या या धाकट्या भावाला, पूर्वेची मला. माझ्या बाजूला मोसंबी लावणार आहे. त्याआधी कुंपण हवं, म्हणून मागच्या आठवड्यात नकाशा घेऊन शेतावर गेले. नकाशा अण्णांच्या ट्रंकेत निघाला. १९५६ सालचा आहे आणि खाली मोजणार म्हणून तुमची सही आहे. अक्षर तेव्हाही सुंदर होतं.

या नकाशाप्रमाणे शेजारच्या बिरू धनगराच्या दोन खोल्या आणि मेंढरांचा वाडा माझ्या जमिनीत येतो. मी बिरूला विचारलं, "हे घर कोणाच्या रानात आहे?"

"आमच्या."

"कागद आहे?"

"बांध हाये की."

त्याची आई सुगंधाबाई दारात लोकर निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "बाई, तुमच्या बापानं कदी इचारलं नाय. तुमी रिटायर झाल्या म्हून इचारता व्हय?"

बिरूची बायको तोंडाला पदर लावून हसली. मी हसले नाही. घर पाडायला मला आनंद नाही, पण कोणी बिनकागदाचं बसलं आणि बरीच वर्षं बसलं, एवढ्यानं जागा त्याची होत नाही. मोजणीचा अर्ज कसा करायचा, नोटीस कोणाकोणाला जाते, ते कळवा. तुम्ही चौतीस वर्षं हेच काम केलंत. मला दुसऱ्या कोणाला विचारायचं नाही.

आपली,
वच्छला


खुलताबाद,
२१ जून १९९०

चि. वच्छला हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी अजूनही सरळ बसून वाचतो. न जाणो, बाई कोपऱ्यात उभं करायच्या!

इकडे सगळं ठीक. गुडघे बोलतात, पण लोक ऐकत नाहीत. परवा कसाबखेड्याकडचे दोन भाऊ आले. वीतभर बांधावरून दोन वर्षं एकमेकांच्या लग्नाकार्याला जात नव्हते. सरकारी साखळी आता माझ्याकडे नाही. दोरी घेऊन गेलो, दोन दगड शोधले, तिसरा रोवला. निघताना धाकटा म्हणाला, "बद्रीनाथरावांनी ठेवला तो दगड कोणी हलवीत नाही." म्हातारपणी एवढं ऐकायला मिळतं, दुसरं काय हवं?

आता तुझ्या कामाचं. माझं ऐकशील तर मोजणीच्या नादी लागू नकोस. जुना बांध असतो, त्याला दोन्हीकडचे लोक सरावलेले असतात. तुझ्याकडे अडीच एकरांच्या वर जमीन आहे. पूर्वेच्या उत्तर टोकाला साठ फूट सोडून दे आणि तिथून तिरपं कुंपण घाल. चार झाडं कमी लागतील. धनगर मंडळी गरीब आहेत आणि मामांनीही, म्हणजे तुझ्या अण्णांनीही, कधी त्यांना हटकलं नव्हतं. मामा शहाणे होते.

वहिनीच्या हातच्या कुरडया पाठवतो आहे.

तुझा,
बद्रीदादा


औरंगाबाद,
२८ जून १९९०

ती. बद्रीदादा यांस,
सा. नमस्कार.

कुरडया पोचल्या. सल्ला पोचला नाही.

दोन भावांच्या वीतभर बांधासाठी तुम्ही दोरी घेऊन जाता आणि माझ्यासाठी बांधाला हात लावू नये म्हणता. बिरू गरीब आहे म्हणून मी जमीन सोडायची असेल तर ती दान म्हणून सोडीन, चूक म्हणून नाही. आधी कोणाचं काय ते ठरू द्या.

अर्जाची चौकशी मीच केली. कन्नडला तालुक्याच्या मोजणी कचेरीत जाऊन तातडीच्या मोजणीचा अर्ज दिला आहे. नोटीस बिरूला आणि बन्सीला जाईल. सोबत तुमचा नकाशा जोडला आहे. यापेक्षा चांगला पुरावा कोणता?

आपली,
वच्छला


औरंगाबाद,
१७ सप्टेंबर १९९०

ती. बद्रीदादा यांस,
सा. नमस्कार.

मागच्या पत्राला उत्तर नाही. तब्येत बरी असावी.

मोजणी झाली. मोजणीदार तरुण आणि कामाचा माणूस आहे. सकाळी आठला टेबल मांडलं, दुपारी दोनला उठवलं, मध्ये कोणाचा चहासुद्धा घेतला नाही. तुमच्या नकाशावरून कोपरे जुळवत गेला आणि बिरूचं घर माझ्या हद्दीत निघालं. सुगंधाबाईनं त्याच्या टेबलाजवळ येऊन घराजवळच्या शेंदराच्या देवाकडे बोट केलं.

"साहेब, तुमच्या कागदात आमचा देव कुठं हाये?"

"कागदात देव नसतो मावशी. दगड असतात."

"मंग देवाच्या जागी काय हाये?"

"काहीच नाही. मोकळं रान."

सुगंधाबाई त्याच्या तोंडाकडे बघून घरात गेली. बिरूनं मात्र गावभर बोंब ठोकली. मी त्याला संक्रांतीपर्यंत घर हलवण्याची वकिलामार्फत नोटीस दिली आहे.

हे सगळं मनासारखं झालं. तरीही एक गोष्ट खटकते आहे. शेताच्या तीन कोपऱ्यांवर हद्दीचे जुने दगड आहेत. तिन्ही घडीव, डोक्यावर छिन्नीनं कोरलेली फुली. चौथा, बिरूच्या घरापलीकडचा ईशान्येचा दगड तसा नाही. तो ओबडधोबड आहे, त्यावर फुली नाही आणि कमरेला दाव्यानं घासून पडलेली खाच आहे. बैल बांधायचा दगड असतो तसा. निजामाच्या काळच्या लोकांनी तीन दगड घडवले आणि चौथ्याला कंटाळले असं मला वाटत नाही. तुम्ही तिथे उभे होतात. तेव्हा हा दगड असाच होता का?

आपली,
वच्छला


(पोस्टकार्ड)
खुलताबाद, २९ सप्टें. ९०

चि. वच्छला हिस आशीर्वाद. डोळ्याचं ऑपरेशन ठरतं आहे, लिहिणं-वाचणं बंद ठेवायला सांगितलं आहे. इतक्या जुन्या मोजणीतला एकेक दगड कसा आठवेल? मोसंबीचे खड्डे झाले का?
बद्रीदादा


औरंगाबाद,
२२ ऑक्टोबर १९९०

ती. बद्रीदादा यांस,
सा. नमस्कार.

डोळ्यांवर ताण नको म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते.

तुम्हाला आठवत नाही म्हटल्यावर मी पुन्हा कन्नडला गेले आणि तुमच्या मोजणीच्या आधीचं, निजामाच्या वेळचं टिपण मागितलं. तिथल्या कारकुनानं जुन्या कागदांचा बस्ता काढून दिला, पण म्हणाला, "बाई, हे उर्दूत आहे, वाचणारा आता कोणी नाही." मी म्हटलं, मी वाचते. आपण दोघं एकाच शाळेत 'अलिफ-बे' गिरवत होतो हे त्याला कुठून ठाऊक असणार?

तीन गावांच्या शिवा मिळतात त्या वायव्येच्या दगडापासून आपल्या ईशान्य कोपऱ्यापर्यंतचं अंतर टिपणात आहे : इक्कीस जंजीर छे आने. पुढे शेरा : पत्थर, तराशीदा. म्हणजे घडीव. तुमच्या नकाशात तेच अंतर तेवीस साखळ्या दोन आणे आहे. फरक एक साखळी बारा आणे. साखळी तेहतीस फुटांची आणि सोळा आण्यांची. म्हणजे पावणेअठ्ठावन्न फूट. पूर्वेची बाजू दहा साखळ्या लांब आणि खालचा दगड दोन्हीकडे एकच. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. त्रिकोणाचं क्षेत्रफळ सातवीच्या मुली काढतात. पावणेनऊ गुंठे.

म्हणजे बिरूचं घर माझ्या जमिनीत नाही. माझा नकाशा बिरूच्या जमिनीत आहे.

जूनच्या पत्रात तुम्ही मला जागा सोडायला सांगितलीत. पन्नास फूट नाही, शंभर नाही. साठ फूट, तीही उत्तर टोकाला, आणि तिथून तिरपं कुंपण. शेतात पाऊल न टाकता तुम्हाला हे कसं कळलं?

ऑपरेशन झालं की लिहा. कोणाकडून लिहवून घेऊ नका.

वच्छला


खुलताबाद,
६ नोव्हेंबर १९९०

चि. वच्छला,

ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. डोळे अजून पुरतात. लिहायला हात तयार होत नव्हता एवढंच.

छप्पन साली मामांची चुलत्यांशी वाटणी व्हायची होती, म्हणून मोजणी मागितली. मी नोकरीत नवा. मामाच्या शेताची मोजणी भाच्यानं करू नये, हे मी साहेबांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण मामांना हौस होती. भाचा साखळी घेऊन शिवारात उतरला हे गावानं बघावं असं त्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं.

दिवाळीनंतरचे दिवस. धनगरांचे पुरुष मेंढरं घेऊन गंगथडीला, गोदावरीकाठी उतरले होते. नोटीस चावडीवर लावलेली, ती वाचायला त्यांच्यातलं गावात कोणी नव्हतं. वस्तीवर एक तरुण सून तेवढी होती. ती म्हणजे आजची सुगंधाबाई.

साखळी ओढत मी ईशान्य कोपऱ्याकडे आलो. एकवीस साखळ्या सहा आण्यांवर एक दगड होता, शेंदरानं माखलेला, पुढे नारळाच्या करवंट्या. मी मामांकडे बघितलं. मामा म्हणाले, "तो धनगरांचा देव आहे. पाया पड आणि पुढं चल, आपला दगड पुढं आहे." मी पायातलं काढलं, पाया पडलो आणि पुढे गेलो. पुढच्या दगडापर्यंत तेवीस साखळ्या दोन आणे भरले.

टिपण माझ्या हातात होतं, वच्छला. आकडा जुळत नाही हे मला तिथेच दिसलं. जुळला नाही की थांबायचं, उलट बाजूनं मोजायचं, दगडाच्या बुडाशी खणून कोळसा बघायचा. जुने लोक हद्दीच्या दगडाखाली लाकडी कोळसा पुरत, तो कुजत नाही म्हणून. हे सगळं मला पाठ होतं. पण मामी ताट वाढून वाट बघत होत्या आणि मामांचा शब्द खोडायची माझी छाती झाली नाही. मी मनाशी म्हटलं, निजामाच्या लोकांचंच चुकलं असेल. नवा आकडा लिहिला, सही केली आणि मामाकडे जेवलो.

मामांना ठाऊक होतं का? मी कधी विचारलं नाही. त्यांनी ती जमीन कधी कसली नाही एवढं खरं.

त्यानंतर मी एकही मोजणी दोन्ही बाजूंनी साखळी टाकल्याशिवाय सोडली नाही. खात्यात माझं जे नाव झालं ते त्यामुळं. लोक मला वाखाणतात तेव्हा तोच कोपरा आठवतो.

आता माझी एक विनंती. नोटीस मागं घे. सुगंधाबाईला सांग, रहा सुखानं. कुंपण साठ फूट आत घाल. गोष्ट इथेच संपेल आणि कोणाची शोभा होणार नाही.

बद्रीदादा


औरंगाबाद,
२० नोव्हेंबर १९९०

ती. बद्रीदादा यांस,
सा. नमस्कार.

खरं लिहिलंत, बरं केलंत. नोटीस मी परवाच मागं घेतली. गोष्ट मात्र संपत नाही.

काल वस्तीवर गेले. बिरू बाजाराला गेला होता. मी सुगंधाबाईला सरळ विचारलं, "हा देव कोणी बसवला?"

तिनं सुनेला गोवऱ्या आणायला पाठवलं. मग म्हणाली, "माज्या सासऱ्यानं. रझाकाराच्या साली आमी मेंढरं घेऊन लांब गेलतो. पोलीस अ‍ॅक्शन झाल्यावर माघारी आलो, तं आमच्या रानाच्या दुसऱ्या अंगाचे दोन दगड गायब. कोन उपटून नेले कोन जाने. वरच्या अंगाला ह्यो एकच ऱ्हायला. सासरा म्हनला, मानूस दगड उपटतो, देवाला कोन उपटंल? आन् फासला शेंदूर."

"म्हणजे हा हद्दीचा दगड आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला आन् माज्या मालकाला. ते बी गेले. बिरूला ठावं नाय. त्यानं तिथं नवस केला, तवा पोरगी झाली. त्याला काय सांगू, तुजा देव सर्व्हेवाल्यानं घडवला म्हून?"

"छप्पन साली तो मोजणीदार आला तेव्हा तुम्ही का नाही बोललात?"

"सासऱ्यानं बजावलं व्हतं, बोललीस तं देव ऱ्हानार नाय. त्यो साहेब पाया पडून म्होरं गेला आन् मला हाक मारावी वाटली. पर सून मानूस. कामून बोलंल?"

बद्रीदादा, दगड सांभाळण्यासाठी त्यांनी त्याचा देव केला आणि देव झाला म्हणून तुम्ही तो मोजला नाही.

मी तिला सांगितलं की मोजणी पुन्हा करायची तर दगड उघडावा लागेल. ती उसळली. "उघडला तं देव ऱ्हात नाय! तुमी नोटीस मागं घेतली ना? मंग झालं."

"मी आहे तोवर झालं. मी मेल्यावर हा नकाशा बन्सीच्या मुलांच्या हाती जाईल. त्यावर सही आहे, शिक्का आहे. तेव्हा तुमच्या बाजूनं बोलायला मी नसेन, तुम्हीही नसाल आणि दगड कसला हे जाणणारं कोणीच नसेल. घर तेव्हा जाईल."

तिनं हातातली लोकर बाजूला ठेवली. म्हणाली, "अर्ज कुनी करायचा?"

"मी."

"तुमचीच जिमीन कमी करायला?"

"तुमची तुम्हाला द्यायला."

"लई चमत्कारिक बाई हाये तुमी," ती म्हणाली आणि सुनेला चहा ठेवायला हाक मारली.

फेरतपासणीचा अर्ज, ज्याला खात्यात निमताना म्हणतात, मी दाखल केला आहे. तुमचा जबाब हवा. कागदावर नको, शिवारात हवा. तारीख कळवते. या.

वच्छला


खुलताबाद,
४ जानेवारी १९९१

चि. वच्छला हिस आशीर्वाद.

ऑपरेशन नीट झालं. सोबत माझा सही केलेला जबाब आहे. टिपणाचा आकडा मला दिसला होता, मी तपास केला नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. एक शब्द लपवलेला नाही. परंतु त्या दिवशी तिथे उभं राहायला मला सांगू नकोस. ज्या लोकांनी माझे दगड मानले त्यांतले निम्मे देवगावच्या पंचक्रोशीतले आहेत.

बद्रीदादा


औरंगाबाद,
२५ फेब्रुवारी १९९१

ती. बद्रीदादा यांस,
सा. नमस्कार.

तुम्ही आला नाहीत. मी दहा वाजेपर्यंत एस.टी.च्या रस्त्याकडे बघत होते, मग बघणं सोडलं.

निमताना २१ तारखेला झाला. तालुक्याचे निरीक्षक स्वतः आले होते. अर्धं गाव जमलं. तुमचा जबाब वाचून दाखवला. नंतर मागून एक म्हातारा म्हणाला, "बद्रीनाथरावाचं चुकलं? मंग आपलं काय सांगावं!" त्यात कुत्सितपणा नव्हता. तो खरोखर काळजीत पडला होता.

वायव्येच्या दगडापासून साखळी टाकली. एकवीस साखळ्या सहा आणे भरले आणि टोक शेंदराच्या दगडाला टेकलं. निरीक्षक म्हणाले, "मी देवाला हात लावणार नाही. घरच्यांनी काढून दाखवला तर पंचनामा करीन."

बिरू आडवा झाला. "घर जाऊ द्या! देव नाय उघडायचा. आये, तू आत जा."

बन्सीही आला होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "अक्का, तू कोणाकडून आहेस? अण्णांची जमीन आहे ती."

"टिपणाकडून. आणि ती अण्णांची कधीच नव्हती."

"लोक हसतील."

"हसू दे. तू मुलांना त्रिकोणाचं क्षेत्रफळ शिकव."

तो तणतणत गाडीवर बसून गेला. अजून बोलत नाही. बोलेल.

सुगंधाबाई घरातून खुरपं घेऊन आली. बिरूला म्हणाली, "सरक."

"आये, पाप लागंल!"

"मला लागू दे. तुज्या आज्यानं देव केला तवा त्याला लागलं नाय, तं मला कामून लागंल?" मग सगळ्यांदेखत तिनं त्याला ती रझाकाराच्या सालची गोष्ट सांगितली. आवाज चढवला नाही. बिरू सासुरवाशिणीसारखा मान खाली घालून ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "मंग माजा नवस?"

"पोरगी झाली ना? मंग ज्यानं ऐकायचा त्यानं ऐकला. त्याला दगड लागतो व्हय?"

ती दगडासमोर बसली. पदर खोचला, हात जोडले आणि शेजारणीशी बोलावं तसं बोलली, "चल, सुट आता. लई वर्सं राखन केली." मग खुरपं लावलं. चाळिसेक वर्षांचा शेंदूर बोटभर जाड होता. मडक्याच्या खापरीसारखा तुकड्यातुकड्यांनी सुटत गेला. डोक्यावरचा थर निघाला तेव्हा निरीक्षक वाकले. फुली होती. छिन्नीच्या कडा कालच मारल्यासारख्या धारदार, कारण ऊनपाऊस लागलाच नव्हता. बाजूनं हातभर खणलं. कोळसा निघाला, मूठभर, काळा कुळकुळीत.

सुगंधाबाईनं शेंदराच्या खापऱ्या गोळा करून पदरात बांधल्या. निरीक्षकांना म्हणाली, "ह्यो देव. दगड तुमचा."

घर बिरूच्या हद्दीत असल्याचा पंचनामा झाला. मी सही केली. सुगंधाबाईनं अंगठा दिला. बिरूनं दोनदा सही केली.

तुम्ही तिथे असायला हवं होतं. हे मी रागानं लिहीत नाही. रागानं लिहिते, खरं तर.

वच्छला


खुलताबाद,
१८ मार्च १९९१

चि. वच्छला हिस आशीर्वाद.

परवा मी देवगावला जाऊन आलो. तुला कळवलं नाही, कारण तू बरोबर आली असतीस.

सुगंधाबाईनं मला ओळखलं नाही. मी नाव सांगितलं. ती म्हणाली, "तुमी व्हय? लई वाळले." मी माफी मागायला शब्द जुळवून आणले होते. दोन बोललो असेन, तिनं हात हलवला. "तुमी बी गप ऱ्हायले, मी बी गप ऱ्हायले. आता बोलून काय करता? दोरी हाये का तुमच्यापाशी?"

दोरी होती. पिशवीत असतेच.

पडवी पाडून तिला तिसरी खोली बांधायची आहे. बांधाकडची भिंत कुठवर घेता येईल ते तिला आखून हवं होतं. मी दगडापासून दगडापर्यंत दोरी ताणली, उलट बाजूनं पुन्हा ताणून बघितली आणि म्हणालो, "इथवर तुमची जागा. अगदी रेघेवर भिंत घेतली तरी कोणी काही म्हणणार नाही."

तिनं दोरीकडे बघितलं आणि पाय टाकत चार पावलं घराकडे आली. "इथं मारा खुटी."

"मावशी, इतकी कशाला सोडता? हातभर पुरे."

"पुरं कसं? पन्हाळाचं पानी बाईच्या मोसंबीत जाईल. मंग ती पुन्यांदा कन्नडला जाईल."

बिरू इतका हसला की खुंटी त्याच्या हातून पडली. मी चार कोपरे आखून दिले, काटकोन तपासले आणि संध्याकाळच्या गाडीनं परतलो. तिच्याकडे भाकरी खाल्ली. आधी नको म्हणालो होतो. ती म्हणाली, "मोजून झालंय आता, खा."

गावातून परत येताना चावडीपाशी चौघं बसले होते. एक जण उठून उभा राहिला. बाकीचे बसूनच राहिले. दोन्ही मला रास्त वाटलं.

आणखी एक. माझ्या जुन्या डायऱ्या काढून बसलो आहे. पहिल्या दीड वर्षातल्या तीन मोजण्या अशा आहेत जिथे मी एकाच बाजूनं साखळी टाकली होती. त्या बरोबरही असतील. बघून येणार आहे.

बद्रीदादा


औरंगाबाद,
२० मे १९९१

ती. बद्रीदादा यांस,
सा. नमस्कार.

तीनही गावांची नावं आणि सर्व्हे नंबर मला पाठवा. टिपणं उर्दूत असणार आणि तुमचा एक डोळा नवा आहे. मी काढून वाचून ठेवीन.

दुरुस्त नकाशा आला. पण नकाशा बदलला म्हणजे उतारा बदलत नाही. सात-बारावर ते पावणेनऊ गुंठे अजून माझ्याच नावावर आहेत. म्हणून दर सोमवारी तलाठ्याकडे जाते. पहिल्या सोमवारी मी अर्ज पुढे केला तेव्हा तो म्हणाला, "बाई, चुकून उलटा लिहिलाय. कमी करा असं झालंय."

"उलटा नाही. कमीच करायचे आहेत."

त्यानं अर्ज दोनदा वाचला, मला पाणी दिलं आणि विचारलं, "घरी कोणी मोठं माणूस आहे का?"

मी म्हटलं, मीच आहे. तो वाईट माणूस नाही. अशा नोंदीसाठी त्याच्याकडे कोणी कधी आलंच नव्हतं. दुसऱ्या सोमवारी त्यानं आदेशाची प्रत मागितली, ती दिली. तिसऱ्या सोमवारी वारसांचा प्रश्न निघाला. बिरूच्या वडिलांमागे उताऱ्यावर एकट्या बिरूचं नाव लागलं आहे. सुगंधाबाईचं नाही. मी बिरूला विचारलं, "आईचं नाव का नाही?" तो म्हणाला, "तिनं कदी सांगितलं नाय." मी म्हटलं, या घराला ती सवय चांगली नाही, आता मोड.

पुढच्या सोमवारी तिघं जाणार आहोत. मोसंबीला पाणी बन्सी देतो, बोलत नसला तरी.

वच्छला


(पोस्टकार्ड)
औरंगाबाद, २५ जून ९१

ती. बद्रीदादा यांस सा. न. काल फेरफार मंजूर झाला. माझ्या नावावरून पावणेनऊ गुंठे उतरले. बिरूकडच्या उताऱ्यावर सुगंधाबाईचं नाव पहिलं आहे, बिरूचं दुसरं. तलाठ्यानं वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "पुन्यांदा वाचा." त्यानं वाचलं.
वच्छला